निळ्या पट्टीचा उजेड

१

चोराची बायको असं केसरबाईंना तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. चिकलठाण्याच्या त्या गल्लीत तेवढी माणुसकी अजून शिल्लक होती. पण जयंती तोंडावर आली तरी मंडळाचं कोणी निळी पट्टी मागायला आलं नव्हतं, आणि केसरबाईंना काय समजायचं ते त्यात समजलं होतं.

जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीची रोषणाई बन्सीनं करायची, हे ठरून गेलेलं होतं. जालना रोडला लागून त्याची पत्र्याची शेड होती. तिथं तो गाड्यांचं वायरिंग करायचा. एलईडीची लांबलचक निळी पट्टी त्यानं खास जयंतीसाठी घेतली होती. ती गाडीच्या कडेकडेनं फिरवून तिचं बटण दाबण्याचा मान दर वर्षी त्याचा असे.

यंदा बन्सी नव्हता. पैठण्यांचं गाठोडं चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. ठाण्यात बोलावून त्याला दिवस दिवस बाकड्यावर बसवून ठेवलं. अशाच एका दुपारी तो घरी आला, केसरबाईंकडं पाणी मागितलं, आणि पाण्याचा तांब्या हातात असतानाच भिंतीला टेकला तो टेकलाच.

पोलिसांच्या लेखी प्रकरण संपलं. आरोपी मयत.

करुणा ही त्याची एकुलती एक मुलगी. एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं वडिलांचे सगळे विधी पार पाडले, माणसांची ऊठबस केली, आणि कामावर रुजू झाली. ती रडत नाही म्हणून नातेवाइकांत कुजबुजही झाली. ती रडत नव्हती हे खरं होतं. तिच्या डोक्यात वडिलांचं, अण्णांचं, एकच वाक्य फिरत होतं. मरेपर्यंत ते एवढंच म्हणत राहिले होते, "गाठोडं गाडीत नव्हतंच."

मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब तिला रस्त्यात भेटले. नात्यानं केसरबाईंचे चुलतभाऊ. त्यांनी चपलेनं माती उकरली आणि खाली बघत म्हणाले, "करुणा, यंदा लायटिंगला क्रांती चौकातला डेकोरेशनवाला सांगितलाय. गैरसमज नको करून घेऊस."

"आणि अण्णांची पट्टी?"

"पोरं म्हणत्यात, असल्या माणसाची..." त्यांनी वाक्य गिळलं. "म्या न्हाय म्हणत. बन्सीला म्या वळखत व्हतो. पण लोकांच्या तोंडाला काय हात लावणार? तू कायतरी दाखव. खोटं हाय म्हणून दाखव. म्या सोता दारात येऊन पट्टी मागून नेतो."

त्याच संध्याकाळी मुकुंदराव भेटायला आले. गाठोडं त्यांचं होतं.

मुकुंदराव पैठणच्या विणकरांकडून पैठण्या आणून विकत. घराण्यात पूर्वी भिक्षुकी होती, वडील कचेरीत कारकून होते, आणि मुकुंदरावांनी पैठण्यांचा धंदा धरला. गुलमंडीतलं त्यांचं दुकान जुनं होतं. पण शहर आता जालना रोडनं पळत सुटलं होतं. नव्या सोसायट्यांतल्या बायका गुलमंडीत यायला कंटाळतात, म्हणून दुकानच त्यांच्या दारात न्यायचं असं त्यांनी ठरवलं. एक पिकअप घेतली. हौद्यावर पत्र्याचं छत चढवलं, दोन्ही अंगांना फळ्या ठोकल्या. मागचा फाळका पाडला की दुकान तयार. फक्त आत उजेड हवा होता, आणि ते काम त्यांनी बन्सीला दिलं होतं. "पांढरी शुभ्र पट्टी लाव. पिवळी नको, निळसर तर मुळीच नको. साडीचा रंग खोटा दिसला की गिऱ्हाईक गेलं," असं त्यांनी बजावलं होतं. पैठणहून माल घेऊन आलेली गाडी थेट शेडवर गेली, रात्रभर तिथंच राहिली, आणि सकाळी मुकुंदराव ती न्यायला गेले तेव्हा आत गाठोडं नव्हतं.

करुणाशी त्यांचं नातं या व्यवहारापलीकडचं होतं. शाळेत असताना ती अण्णांसोबत त्यांच्या घरचा पंखा दुरुस्त करायला गेली होती, आणि पुस्तकांच्या कपाटापुढं उभी राहिली होती. "ने. वाचून आण, दुसरं ने," मुकुंदराव म्हणाले होते. तिची पहिली शंभरेक पुस्तकं त्याच कपाटातली होती.

केसरबाईंनी त्यांच्यापुढं अर्धा पेला पाणी ठेवलं. जायकवाडी धरण कोरडं पडलं होतं, नळ येईल तेव्हा येत होता, आणि अख्ख्या शहरात पाहुण्याला अर्धाच पेला देत. मुकुंदरावांनी तो आदरानं संपवला.

"माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, वहिनी," ते म्हणाले. "गाठोडं गेलं ते गेलं. माणूस गेला, हे वाईट."

"अण्णा म्हणत होते, गाठोडं गाडीत नव्हतंच," करुणा म्हणाली.

मुकुंदरावांनी रिकामा पेला बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुला कसं सांगू? त्या संध्याकाळी मी शेडवरून गेलो होतो. दिवे लागले होते. हौद्यात उजेड होता, बन्सी आत बसला होता, आणि त्याच्या शेजारी ते गाठोडं. लाल खारव्याच्या कापडात बांधलेलं. कसं लखलखत होतं. मी म्हटलं, माल सुखरूप आहे, आणि पुढं गेलो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं गं. ठाण्यातही तेच सांगावं लागलं."

केसरबाईंच्या हातातली परात खाली पडली.

२

मुकुंदराव खोटं बोलत असतील असं करुणाच्या मनातही आलं नाही. आलं ते याच्या नेमकं उलटं. मग अण्णाच खोटं बोलले का? या विचारानं तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. जागा रिकामी करून द्यायची होती. शटर वर केल्यावर तापलेल्या पत्र्याचा आणि डिंकाचा वास अंगावर आला. सगळं जिथल्या तिथं होतं. पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग आयर्न. खुंटीवर निळी पट्टी गुंडाळून टांगली होती.

ती हातात घेतली तर बोटांना चिकट लागलं. पट्टीला जागोजागी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे लटकत होते. करुणाला नवल वाटलं. जयंतीनंतर अण्णा ही पट्टी स्पिरिटनं पुसून, कोरडी करून ठेवत. गेल्या जयंतीला तिनं स्वतः ती पुसली होती. मग हे तुकडे आले कुठून?

"कोण हाय गं आत? करुणा व्हय?"

समोरच्या चहाच्या टपरीवरून भामाबाई आल्या. बन्सीच्या वीस वर्षांच्या शेजारी. त्यांनी डोळ्याला पदर लावला, लगेच काढला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुला येक सांगू का? तवा पोलिसांनी इचारलंच नाय मला. बाई मानूस, चावाली, हिला काय इचारायचं!"

"काय, मावशी?"

"त्या सांजंला शेडच्या मागं पुंजाराम घुटमळत व्हता. मुकुंदरावाच्या गाडीवरला डायव्हर. मागचा पत्रा वाकवून आत शिरला. म्या टपरी आवरत व्हते. बाहेर आला तवा दोन्ही हातात वझं व्हतं. असा वाकून चालत व्हता, जडशीळ. अंधार पडाया लागल्याला, काय व्हतं ते दिसलं नाय."

"तुम्ही अण्णांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की! दुसऱ्या दिवशीच सांगितलं. तर बन्सीभाऊ म्हनले, भामे, तू कायबी बघितलं नाय. गप ऱ्हा."

करुणा हातातल्या चिकट पट्टीकडं बघत राहिली. चोर कोण हे अण्णांना माहीत होतं की काय? आणि त्याला वाचवायला ते स्वतः बाकड्यावर बसले होते?

३

पुंजाराम बिडकीनला राहायचा, पैठण रस्त्यावर. करुणा एसटीनं गेली. वाटेत दोन्ही बाजूंची मोसंबीची झाडं उभ्या उभ्या वाळली होती, आणि त्यांच्या मध्येच प्लॉट पाडल्याचे पांढरे दगड रोवले होते.

तिला बघताच पुंजाराम उठून मागल्या दारी निघाला.

"पुंजारामभाऊ, तुम्ही पळालात तर मी इथंच बसून राहीन," करुणा ओट्यावर बसत म्हणाली. "मला परत जायची घाई नाही."

तो परत आला. मिशीचा आकडा आणि पैलवानी छाती असलेला माणूस, पण मान वर होत नव्हती.

"त्या संध्याकाळी शेडमधून काय नेलंत?"

"ताई, शप्पथ सांगतो..."

"शपथ नको. काय नेलं ते सांगा."

"पानी," तो म्हणाला.

"काय?"

"पानी, ताई. दोन कॅना. बन्सीभाऊंच्या शेडमागं पत्र्याच्या आडोशात टाकी हाय न्हवं? टँकरवाल्याशी त्यांची वळख, त्यांची टाकी भरल्याली आसायची. आमच्याकडं हिरीला गाळ सुदिक ऱ्हायला नाय. घरात बाळंतीन बाई. म्या चोरून भरून घेत व्हतो." त्यानं नाक पुसलं. "बन्सीभाऊंना ठावं व्हतं. येक दिवस मलाच म्हनले, 'पुंजाराम, पत्रा वाकवू नको, हात कापंल, कडी काढीच ठिवतो.' मला लाज वाटली. म्या तरीबी पत्राच वाकवायचो."

करुणाला एकदम हसू आलं. हे मात्र अगदी अण्णांचं होतं. पाणी नेणाऱ्याचं नाव त्यांनी पोलिसांना सांगितलं नसतंच.

"गाडी पैठणहून तुम्हीच आणलीत ना? गाठोडं बघितलंत?"

"गाठोडं पैठनात म्याच चढवलं. पर बिडकीन आलं तवा देवेशमालक म्हनले, तू उतर, घरी बाळंतीन हाय, गाडी म्या नेतो. मालकाचा पुतन्या, म्या काय बोलनार? त्यांनी नेली. म्या सांजंला फटफटीवर कॅना बांधून पान्यासाठी शेडवर आलो."

म्हणजे बिडकीनपासून शेडपर्यंत गाठोड्यापाशी देवेश एकटा होता. करुणाच्या मनात एक खिट्टी निघाली, पण दार उघडलं नाही. देवेशनं गाठोडं वाटेत कुठं उतरवलं असेल, तर मुकुंदरावांना ते संध्याकाळी हौद्यात दिसलं कसं?

"तुम्ही पाणी भरत होतात तेव्हा अण्णा काय करत होते?"

"हौद्यात बसले व्हते. लायटिंग चालू व्हतं. म्या फटीतनं बघितलं. मनात म्हनलं, हे बरंय, मुकुंदरावाच्या पैठनीच्या गाडीत बन्सीभाऊंनी जयंती करून टाकली!"

"जयंती? म्हणजे?"

"आवं, निळा उजेड की! सगळा हौदा निळाशार. दुसरी कंची लाईट नव्हती."

करुणा ओट्यावरून उठली. तिला आता त्या टेपच्या तुकड्यांचा अर्थ लागला होता.

४

परतीच्या एसटीत तिला तिचं लहानपण आठवलं. ती शेडमध्ये अभ्यासाला बसायची, आणि अण्णा काम करता करता बोलत राहायचे.

"ही पट्टी लई मानी आसती," ते म्हणायचे. "येकदा चिटकली की चिटकली. उपटून दुसरीकडं लावली तर धरत न्हाय. आन कापली तर दुकानदार परत घेत न्हाय. म्हनून नवीला हात लावायच्या आधी उजेड मापायचा."

उजेड मापायचा म्हणजे जुनी पट्टी टेपनं तात्पुरती अडकवायची. संध्याकाळी, अंधार पडताना, ती पेटवायची. आत बसून बघायचं, सावली कुठं पडते, कोपरा कुठं आंधळा राहतो. मग पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि शटर ओढून घरी जायचं. नवी पट्टी पहाटे चिकटवायची, पत्रा थंड असताना. दिवसा तापलेल्या पत्र्यावर तिचा डिंक पातळ होऊन ओघळतो. ते दुसऱ्या कुठल्या वायरिंगवाल्याला पटत नसे. दोनदा काम कशाला, असं बाकीचे म्हणत.

अण्णांकडं जुनी पट्टी एकच होती.

करुणा शहरात उतरून थेट भामाबाईंच्या टपरीवर गेली. "मावशी, त्या दिवशी उजेड कसला होता?"

"निळा! म्या वरडले बी, बन्सीभाऊ, आवंदा जयंती लवकर आली काय? तर म्हनले, माप घेतोय. फाटंला म्या चुलीला जाळ केला तवा ती निळी काढून पांढरी चिटकवीत व्हते. च्या दिला म्या त्यांना."

"हे कोणाला बोललात?"

"इचारलंय कुनी?"

करुणा चहा न पिता तशीच उभी राहिली. तिला काय कळलं होतं ते तिलाच नको होतं. त्या कपाटातली पुस्तकं, त्यांच्या पहिल्या पानावरची मुकुंदरावांची नेटकी सही, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आपलंच काही चुकत असेल, असं तिनं स्वतःला दहादा सांगून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती मुकुंदरावांकडं गेली. दार देवेशनं उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा पडला. "काका पूजेत आहेत," म्हणून तो दार लावायला लागला, तेवढ्यात आतून हाक आली, "कोण, करुणा का? ये बाळ."

"काका, अण्णांचं शेवटचं काम नीट झालंय ना, एवढंच विचारायला आले."

"झालंय गं. मागचा एक कोपरा तेवढा बंद पडलाय. दुसऱ्या कुणाला दाखवावं असं मन होत नाही."

"मी करून देईन. उद्या दुपारी गाडी शेडवर पाठवा. नाही, तुम्हीच या. देवेशलाही आणा. माल असेल तसा असू दे." ती थांबली. "आणि काकासाहेबांना तुम्ही एकदा सांगाल का, त्या संध्याकाळी काय बघितलंत ते? त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. तुमच्यावर बसेल."

मुकुंदरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगेन," ते म्हणाले.

तो हात डोक्यावर असेपर्यंत करुणानं श्वास घेतला नाही.

५

दुपारी शेडमध्ये पिकअप उभी राहिली. मुकुंदराव, देवेश, काकासाहेब, भामाबाई. पुंजारामही आला होता, दाराशी अंग चोरून उभा. हौद्यात फळ्यांवर साड्या होत्या, आणि एका कोपऱ्यात लाल खारव्यात बांधलेलं नवं गाठोडं.

करुणानं बंद कोपरा उघडला. जोडावरची वायर निसटली होती. तिनं ती सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली आणि पांढरा उजेड सगळीकडं सारखा पसरला. गाठोडं लालभडक दिसायला लागलं.

"वा!" मुकुंदराव म्हणाले. "बन्सीचाच हात."

"काका, आता सांगा ना काकासाहेबांना."

मुकुंदरावांनी सांगितलं. शब्द तेच होते. दिवे लागले होते, हौद्यात उजेड होता, बन्सी बसलेला, शेजारी लाल गाठोडं लखलखत होतं. काकासाहेबांनी मान खाली घातली.

"हौद्यातला उजेडच ना? बाहेरचा नाही?" करुणानं विचारलं.

"हौद्यातलाच. बाहेर अंधार होता."

"नक्की लाल?"

"करुणा, मी जन्मभर रंग विकले," मुकुंदराव जरा दुखावून म्हणाले. "रंगात माझी चूक होत नाही."

"मला माहीत आहे," करुणा म्हणाली, आणि शटर ओढलं.

शेडमध्ये अंधार झाला. हौद्यातला पांढरा उजेड तेवढा उरला. करुणा हौद्यात चढली. पांढऱ्या पट्टीच्या कडेला पत्र्यावर बारीक काळे ठिपके होते. इन्सुलेशन टेपचे फाटून राहिलेले कण, आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलीची एक रेघ. तिनं निळी पट्टी त्याच रेघांवर अडकवली. पट्टीवरचे टेपचे तुकडे एकेका ठिपक्यावर बरोब्बर बसले. मग तिनं पांढरं बटण बंद करून निळं दाबलं.

हौदा निळा झाला. माणसांचे चेहरे, साड्या, पत्रा, सगळं.

"काका," करुणाचा आवाज स्थिर होता, "त्या कोपऱ्यातलं गाठोडं कुठल्या रंगाचं आहे?"

"लाल," देवेश घाईनं म्हणाला. "आत्ता तर बघितलं आपण."

"आत्ता बघितलं म्हणून तुला ठाऊक आहे. दिसतंय कसं?"

"काळं ठिक्कर," भामाबाई म्हणाल्या. "आगं बाई! तव्याच्या बुडावानी काळं."

काकासाहेब पुढं झाले, वाकून गाठोडं बघितलं, हात लावला, आणि पुन्हा मागं सरून बघितलं. "हे काय गौडबंगाल?"

"निळ्या उजेडात लाल दिसत नाही, मामा. काळं दिसतं. त्या संध्याकाळी हौद्यात हाच उजेड होता. अण्णा माप घेत होते. भामाबाईंनी बघितलंय, पुंजारामभाऊंनी बघितलंय, आणि टेपच्या खुणा तुमच्यासमोर आहेत. पांढरी पट्टी पहाटे चिकटली."

"मग... मग संध्याकाळ नसेल," मुकुंदराव म्हणाले. "मी जरा आधी..."

"आधी उजेड होता तर दिवा कशाला लागेल? आणि काका, जो कोणी त्या संध्याकाळी इथून गेला, त्याला सगळ्यात आधी काय आठवतं, माहीत आहे? निळा उजेड. भामाबाई ओरडल्या, पुंजारामभाऊ हसले. साडीच्या गाडीत निळा दिवा बघून तुम्ही तर भांडला असता. 'निळसर तर मुळीच नको,' हे तुमचेच शब्द. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. कारण हौद्यातला उजेड तुम्ही पहिल्यांदा बघितला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पांढरा. त्या पांढऱ्या उजेडात तुम्ही मनानं गाठोडं ठेवलंत. लाल, लखलखतं."

पट्टीच्या ट्रान्सफॉर्मरची बारीक घरघर ऐकू येत होती.

"गाठोडं इथं पोचलंच नव्हतं," करुणा म्हणाली. "बिडकीनला पुंजारामभाऊंना उतरवल्यावर ते कुठं गेलं हे देवेश सांगेल. पण देवेशनं आपण संध्याकाळी गाठोडं बघितलं असं कधीच म्हटलं नाही. ते तुम्ही म्हणालात. तो नुसतं 'ठेवलं होतं' म्हणाला असता तर त्याच्या शब्दासमोर अण्णांचा शब्द होता. तुमच्या शब्दासमोर अण्णांचं काही उरलं नाही."

देवेश फाळक्यावर बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. "क्रांती चौकातल्या एका दुकानात विकलं," तो म्हणाला. "काकांना आधी माहीत नव्हतं. पोलिसांना वर्दी देऊन ते घरी आले, तेव्हा मी सांगितलं."

मुकुंदराव निळ्या उजेडात फार म्हातारे दिसत होते. "भावानं मरताना याचा हात माझ्या हातात दिला होता," ते म्हणाले. "पायावर पडून रडला गं हा. मला वाटलं... बन्सीला चार प्रश्न विचारतील आणि सोडून देतील. त्याचं काय जाणार, असं वाटलं."

"का वाटलं?" करुणानं विचारलं.

मुकुंदरावांनी देवेशकडं बघितलं.

"काका, मी खरंच विचारतेय. त्याचं काही जाणार नाही, असं तुम्हाला का वाटलं?"

भामाबाईंनी पुढं होऊन शटर वर ढकललं. दुपारचं रखरखीत ऊन आत आलं, आणि गाठोडं पुन्हा लाल झालं.

६

ठाण्यात जे लिहून द्यायचं ते मुकुंदरावांनी आणि देवेशनं त्याच दिवशी दिलं. काकासाहेब दोघांच्या मागं उभे होते. पण करुणाचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. ठाण्यातला कागद गल्लीत कोण वाचायला जातो?

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला होता. अख्खी गल्ली हंडे-कळशा घेऊन रांगेत उभी होती. त्या रांगेसमोरून मुकुंदराव चालत आले आणि केसरबाईंच्या दारात उभे राहिले. त्यांना आत या म्हणून कोणी म्हटलं नाही.

"बन्सीनं गाठोडं घेतलं नव्हतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ते माझ्या घरच्यानं घेतलं. मी खोटं बोललो."

टँकरच्या पाइपातून पाणी वाहायला लागलं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. केसरबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी मुकुंदरावांना नीट निरखून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या.

"हे ते व्हते तवा त्यांना सांगायला पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग आत वळल्या. मुकुंदराव थोडा वेळ थांबले. कुणीतरी पाणी द्यावं असं करुणाला सवयीनं वाटलं, आणि ती जागची हलली नाही. ते आले तसे पायी गेले.

दुपारी काकासाहेब आले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, टोपी काढून हातात घेतली.

"केसर, पट्टी मागाया आलोय."

करुणानं शेडमधून घरी आणलेली पट्टी केसरबाईंनी खुंटीवरून उतरवली. त्यांनी ती आदल्या रात्री स्पिरिटनं पुसायला घेतली होती. टेपचे तुकडे बहुतेक निघाले होते. एक तेवढा घट्ट बसला होता.

"ह्यो निघंना," त्या म्हणाल्या.

करुणानं नखानं तो उचलून बघितला. टेपच्या चिकट बाजूला पेन्सिलीची करडी रेघ उमटून आली होती, अण्णांनी पत्र्यावर ओढलेली.

"राहू दे, आई," ती म्हणाली.

चौदा एप्रिलला उन्हं कलताना मिरवणुकीच्या गाडीच्या हौद्यात करुणा चढली आणि तिनं आईला हात देऊन वर घेतलं. खाली गल्ली उभी होती. काकासाहेबांनी बटण पुढं केलं ते केसरबाईंपुढं.

"मला न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या.

"दाबा, वहिनी!" गर्दीतून भामाबाई ओरडल्या. "आन आधी बघा, कोपरा आंधळा तर न्हाय ना ऱ्हायला. न्हायतर बन्सीभाऊ वरनं नावं ठिवतील!"

गर्दीत हसू फुटलं. केसरबाईंनी डोळे पुसले, हौद्याचे चारही कोपरे नीट बघून घेतले, आणि बटण दाबलं.

तेव्हा कुठं करुणाला रडू आलं. निळ्या उजेडात ते कुणाला दिसलं नाही.